भागिले तीन, गुणिले बारा

हिंगणा एमआयडीसी, शेड नंबर चौदा.
एप्रिलमध्ये कूलर गेले अकराशे, मेमध्ये सव्वीसशे,
जूनमध्ये, मृग लागायच्या आत, पाचशे.
बेरीज बेचाळीसशे.
पुण्याहून मेल: वर्षाचा आकडा पाठवा. आजच.

मी रकान्यात लिहिलं, भागिले तीन, गुणिले बारा.
एंटर.
सोळा हजार आठशे.
इतक्या शांतपणे आला आकडा
की क्षणभर माझाही विश्वास बसला.

डोमाजी भोयर ताट्यांच्या चलानावर सही घ्यायला आले होते.
चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन वाचली.
"हे एवढे कोन घेईन, मॅडम?"
तीन महिन्यांवरून वर्ष काढलंय, म्हटलं.
"म्हंजे दिवाळीत बी शेचाळीस डिग्री?
लोकं पूस महिन्यात टाकीत पानी भरून राह्यले?"
आणि हसले, वाळ्याचा वास मागे ठेवून गेले.

खरंच की. सूत्राच्या नागपुरात
एकापाठोपाठ चार उन्हाळे.
संत्र्याला ताण द्यायलाही उसंत नाही.
हिवाळी अधिवेशनावर निघालेला मोर्चा
बर्डीवर रसवंतीपाशीच थांबलेला,
झेंडे बगलेत, ग्लास हातात.

मग मागची सहा वर्षं उघडली. महिना महिना.
एप्रिल ते जून शंभरात सत्तर,
मार्च पंचवीस,
उरलेले पाच कुणाच्या तरी आंदणात.
बेचाळीसशे भागिले सत्तर, गुणिले शंभर.
सहा हजार.
हा आकडा ओळखीचा वाटला,
याला घाम येत होता.

दुसरी शीट पगाराची. तेच सूत्र, वरून खाली ओढलेलं.
ओळ एकोणीस: भोयर डोमाजी गोविंदा, स्टोअरकीपर.
तीन महिन्यांचे सहासष्ट हजार.
वर्षाचे दोन लाख चौसष्ट.

आज एकोणतीस जून. उद्या त्यांचा शेवटचा दिवस.
हार सांगून ठेवलाय, शालही आली आहे,
समोश्यांची वर्गणी माझ्याच ड्रॉवरमध्ये.

सूत्राला हे कुणी कळवलेलं नाही.
ते त्यांना जुलैत कामावर घेतं,
पोळ्याची सुट्टी देतं,
मार्चमध्ये पुन्हा ताट्या मोजायला बसवतं.

दुरुस्त करायला दोन सेकंद लागतात.
कर्सर त्या चौकटीत लुकलुकत होता
आणि डोमाजी दारातून विचारत होते,
"मॅडम, गोदामाच्या चाब्या कोनाजवळ देऊ?"

ठेवा ना तुमच्याजवळच, मी म्हटलं,
उद्यापर्यंत.

फाइल गेली.
कूलर बरोबर, ओळ एकोणीस चूक.
पुण्याहून लगेच उत्तर आलं:
ओके.