लेक

दर गुरुवारी सकाळी साडेनऊला
वाचनालयामागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये
आम्ही पाच बायका सायकल शिकतो.
मी सेहेचाळिसाची. सेमहार एरिट्रियाची, सर्वांत तरुण, सर्वांत भित्री.
नेसरीनची होम्सला स्वतःची गाडी होती, लाल,
हे ती दर आठवड्याला एकदा सांगतेच.
शिकवायला हिलिख्ये. सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी.
ती खांद्याला धरत नाही, सीटला धरते,
आणि सोडते कधी ते सांगत नाही.

"कैक दार!" ओरडते हिलिख्ये,
म्हणजे तिकडे बघ, चाकाकडे नको.
मला मात्र ऐकू येतात कैक दारं
आणि त्यातलं एखादं उघडं आहे का बघेपर्यंत
मी झुडपात.

ग्रोनिंगनमध्ये माझे शब्द मला असे
वेष पालटून भेटतात.
पहिल्याच हिवाळ्यात शेजारीण जिना चढून आली,
म्हणाली, तुमचा राम उघडा राहिलाय, पाऊस आत येतोय.
राम म्हणजे खिडकी.
चंद्राला मान म्हणतात, वर्षाला यार,
आणि भाषेला ताल,
तोच तेवढा चार वर्षांत सापडलेला नाही.

शाल्मलीला सापडला.
शाळेत तिची शाल झाली, तेही तिला चालतं.
ती हात सोडून सायकल चालवते, केस बांधत, हसत,
त्या घशातल्या खरखरीत ख-ने कुणाला तरी हाक मारत.
घरात दोन शब्द: हो, आणि नंतर.
सप्टेंबरात एकदा मोठं वाक्य बोलली,
"आई, शिक ना, पण शाळेच्या रस्त्याला नको येऊस, प्लीज."

नाही गेले.
मंगळवारी एकटीच निघाले कालव्याकाठाने बाजाराला,
जाताना वारा पाठीशी, म्हणून वाटलं, जमलं.
येताना तोच वारा समोर उभा,
टोपलीत लीकच्या जुड्या, तुर्की दुकानातली कोथिंबीर,
आणि पूल वर उचललेला, एका संथ बोटीसाठी.
सगळं गाव एक पाय टेकवून थांबलेलं.
मीही. त्यांच्यासारखीच, एक पाय टेकवून.
कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
इतकं बरं वाटलं.

पूल खाली आला आणि चाक दणदण आपटायला लागलं.
रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतला एक माणूस
गुडघ्यावर बसला, टायर दाबला, म्हणाला,
"लेक."
हो, म्हटलं, एकच. चौदा वर्षांची.
तो बघत राहिला.
पुन्हा दाबला टायर, हळू, बहिऱ्याला सांगावं तसा,
"लेक."
मग उमजलं. गळतंय, एवढंच म्हणत होता.

चार किलोमीटर चालत आणली सायकल,
कान धरून पोराला घरी आणावं तशी.

शाल्मली हसली नाही.
सायकल उलटी केली स्वयंपाकघरात,
माझ्याच दोन डावांनी टायर उचकटला,
आतडं काढावं तशी ट्यूब ओढून काढली.
"पाणी?"
मी पुढे केली परात, कणकेची,
काठावर कोरलेलं सौ. शैलजा व. पेठकर, १९७४,
घोंगडीत गुंडाळून आणलेलं आईचं नाव.
ट्यूब पाण्यात बुडवून ती वीत वीत फिरवत गेली
आणि एका जागी
बारीक बुडबुड्यांची रांग.
"इथे धर," म्हणाली. मराठीत.
"सोडू नकोस. मी गोंद आणते."

मी धरून उभी.
हाताला काळं, अंगठ्याखाली
श्वासासारखं काहीतरी, थंडगार.
ती गोंदावर फुंकर घालत होती, मध्येच विचारलं,
"ती बाई सोडते कधी, कळतं तुला?"
नाही म्हटलं. पडल्यावर कळतं.

परात तीनदा घासली.
तरी रात्री पोळ्यांना रबराचा वास.
शाल्मलीने नाक मुरडलं, वास येतोय म्हणाली,
आणि तिसरी मागून घेतली.