कोणतेही नाणे वीस रुपये

दांडिया बाजारातल्या हॉलबाहेर बॅनर:
जुनी नाणी, नोटा, प्रवेश मोफत.
खाली पायरीवर कालच्या लग्नाचा झेंडू,
अजून कोणी झाडला नाही.

आत निळ्या मेणकापडावर राजे पसरलेत,
पुठ्ठ्याच्या चौकटीत, चारही बाजूंनी स्टेपल मारलेले.
एक आजोबा स्वतःच्या जन्मतारखेची नोट शोधतायत,
सहाच्या सहा आकडे, शून्यासकट.
एका मुलाला वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं हवंय,
आई फोनवर कुणाला तरी विचारते, दहाचं चालेल का.

मला गायकवाडी हवाय.
एक पैसा, तांब्याचा.
एकीकडे घोड्याची टाप आणि तलवार,
दुसरीकडे संवत.

बाबांच्या दाढीच्या डब्यात असायचा तो,
ब्लेडच्या कागदात गुंडाळलेला. का ते कधी कळलं नाही.
मी आठ वर्षांचा. प्रतापनगरला छोट्या गाडीचे रूळ,
डभोईची गाडी दुपारची.
पैसा रुळावर ठेवला, शेजारी कान टेकवला,
मग पळालो एरंडाच्या आड.
गाडी गेल्यावर उचलला तर भाजला बोटांना.
टापेची नुसती वेलांटी उरली होती.
तलवार कुठेच नव्हती.

त्या संध्याकाळी कुंदाताईने डबा उघडला होता,
आतल्या आरशासाठी.
तेवढं पुरलं.
मी ताटातल्या भाकरीकडे बघत जेवलो,
पुरी जेवलो, वर ताकही मागितलं.
दुसऱ्या दिवशी पुलावरून तो पत्रा विश्वामित्रीत टाकला.
मगरींना काय, काहीही चालतं.

आता ती एकाहत्तरची. मकरपुऱ्यात
नातवाला सांगते, बाबांचा पैसा माझ्या हातून गेला रे.
सांगून सांगून तिला जागाही आठवायला लागली आहे:
न्हाणीची मोरी.
पडताना झालेला आवाजसुद्धा.

'लई लो काका, धोयेलो नथी,'
भूपतभाई भिंग पुढे करतो.
खरंच धुतलेला नाही. टापेच्या खाचेत
शंभर-सव्वाशे वर्षांचा काळा मळ तसाच.
नऊशे म्हणाला. मी पाचशे.
त्याने काट्यावर ठेवून वजन दाखवलं,
जणू मी किलोवर घेणार होतो.
साडेसहाशेला तुटलं.

तो सुटे शोधत असताना
मी उगाच त्या परातीत हात घातला,
जिच्यावर लिहिलंय, कोणतेही नाणे वीस रुपये.
भोकं पडलेली, झिजलेली, एक तर बटणच,
आणि तळाशी एक पातळ,
कडेला चिरलेलं,
मधेच जाड, मधेच पान.

'ए तो खलास छे काका. पाटा पर मूकेलो.'
मग हसला. 'अमे पण मूकता, मियागामना पाटा पर.'

माझा नाही हा. माझा नदीत आहे.
याच्यावर कुणाचं नाव होतं, आकडा होता की मुकुट,
काहीच लागत नाही बोटाला.
कुठल्या तरी दुसऱ्या पोराचा,
दुसऱ्या कुणी मार खाल्लेला,
किंवा नसेलही, सगळीच घरं आमच्यासारखी कुठे असतात.

भूपतभाई म्हणाला, असाच न्या, वर.
मी वीसची नोट टेबलावर ठेवली.
उचलेना, तर तिच्यावर भिंग ठेवलं.

मकरपुऱ्यापर्यंत रिक्षात
शर्टाच्या खिशात चौकटीतला,
पँटच्या खिशात तो.
प्रत्येक गतिरोधकाला मांडीला टोचत होता.

ताईने दार उघडलं. चप्पल बाहेर काढ, म्हणाली,
आत्ताच पुसलंय.
हात पुढे कर, मी म्हटलं.
तिने पदराला हात पुसला आणि पुढे केला,
लहानपणी छडीसाठी करायची तसा,
बोटं थोडी आत घेऊन.

आणि मी उंबऱ्यात उभा,
एक चप्पल पायात,
दोन्ही खिसे चाचपत.