ओळ क्रमांक दोनशे बारा

डहाणूकर कॉलनीत रात्रीचा दीड.
ताईच्या साखरपुड्याच्या व्हिडिओला
बाबांसाठी सबटायटल लिहितोय.
कानाचं यंत्र ड्रॉवरमध्येच : "शिट्ट्या मारतं ते."

एका ओळीत पस्तीस अक्षरं, पडद्यावर दोन सेकंद.
कुमुदमावशी एवढ्यात कुठली आवरायला,
तिला कापली.

दोनशे बारावर अडलो.
आई स्वयंपाकघराच्या दारातून काहीतरी म्हणते
आणि नेमकी सनईची कॅसेट सुरू होते.
दहादा मागे नेलं.
शेवटी लिहिलं : (अस्पष्ट).

सकाळी बाबांनी चहाचा कप बाजूला ठेवला,
स्क्रीनवर बोट टेकवलं :
"अस्पष्ट काय त्यात?
'पेढे मोजून ठेवलेत, हात लावू नका.'
मलाच म्हणतेय."

ओळ बदलली. वेळ जुळवली.
तीन सेकंद दिले तिला,
नियमापेक्षा एक जास्त.