एकोणतीस डिसेंबर

फेब्रुवारीतले शनिवार मी डुलुथच्या वाचनालयाच्या तळघरात काढतो,
लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून देत.
चौतीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर कारकून होतो.
कुठल्या जहाजात किती टन चढलं, एवढंच लिहायचो.
सवय जात नाही.

ट्रूडी कोस्केला आली, बूट आपटून बर्फ झाडला,
पावाच्या रिकाम्या पिशवीतून कागद काढले
आणि बसायच्या आधीच म्हणाली,
मुलांचे पैसे गेल्या वर्षीइतकेच ना?
मुलं दोनच. तीच.
यायच्या आधीच पैसे वाटून झाले होते:
गाडीचा गिअरबॉक्स, ब्रिटाचा चश्मा,
गॅस कंपनीची गुलाबी नोटीस.

मी आकडे भरले.
उत्तर आलं.
मी आकडे पुन्हा भरले.

निम्म्याहून कमी.

तिने पेनाला टोपण लावलं, काढलं, लावलं.
धक्क्यावर टनांची तूट सांगायचो
त्याच आवाजात मी सांगत गेलो:
ओरिन सतरा वर्षांचा झाला.
"एकोणतीस डिसेंबरला," ती म्हणाली. "केक मीच केला होता."
हो, पण वर्षाच्या शेवटच्या रात्री ज्याला सतरा पूर्ण,
तो या रकान्यात मूल नसतो.
त्याच्यासाठी दुसरी ओळ आहे, पाचशे डॉलरची,
ती लागलेल्या करातून वजा होते
आणि तुम्हाला कर लागलेलाच नाही.
"मग?"
मग काही नाही. ते पाचशे हातात देत नाहीत.

"आणि ब्रिटा? ती तर नऊची."
ब्रिटाचे आहेत. पण जूनमध्ये हॉटेलची लाँड्री बंद पडली,
वर्षाची कमाई साडेनऊ हजार;
त्यातले पहिले अडीच हजार धरतच नाहीत,
पुढच्या दर डॉलरमागे पंधरा सेंट.
"म्हणजे मी कमी कमावलं,
म्हणून मुलीला कमी?"
मी चश्मा पुसला. पुसायची गरज नव्हती.
"ओरिन रोज रात्री दुकानात पिशव्या भरतो,
भाड्याला देतो, ते?"
त्याचा फॉर्म वेगळा.

मग ती अचानक हसली.
दोन जानेवारी तारीख दिली होती डॉक्टरनी.
तलावावर वादळ उठलं, वीज गेली,
आणि याला घाई.
चार दिवस कळ काढली असती मेल्याने!

मला हिशेब दिसत होता, नको असताना.
त्या साली तो तीन दिवस जगला
आणि अख्ख्या वर्षाचे पैसे आणले होते त्याने,
दुपट्यात गुंडाळलेला, डोळे न उघडता.
तेव्हा आधी मिळालं, आता आधी थांबलं.
सतरा वर्षं तशी, सतरा वर्षं अशीही.
बेरीज जुळते. एका सेंटची तूट नाही.

हे तिला सांगायला तोंड उघडलं
आणि गुलाबी नोटिशीवरची तारीख दिसली.
चार मार्च.
मी म्हणालो, इथे सही करा.

जिन्यावर पावलं वाजली. दुकानाचा हिरवा शर्ट,
वर उघडं जॅकेट, कानांच्या पाळ्या लाल.
तळघरातला पाइप सगळ्यांच्या डोक्यावरून जातो,
ओरिनला वाकावं लागलं.
"झालं?"
"झालं," ती म्हणाली. "टोपी कुठाय तुझी?"
त्याने ती खिशातून काढली,
आईच्या देखत कानांवरून खाली ओढली
आणि पावाची पिशवी उचलून पुढे झाला,
पाइपाखाली पुन्हा एकदा वाकत.

पुढचा माणूस येऊन बसला तरी
मी जन्मतारखेच्या रकान्याकडेच बघत होतो.