कप धुण्याची घाई

हेलसिंकीच्या पेपरांनी निकाल आधीच लावला होता.
इल्पो रांताकारीनं दोन तारे दिले, वर एक ओळ:
'दिग्दर्शकानं भिजत घातलेलं घोंगडं,
एकशे एक्केचाळीस मिनिटं झाली तरी पिळायला कुणी नाही.'
दुसऱ्या एकानं खून शोधला, सापडला नाही म्हणाला.
खून आहे. सत्त्याण्णवाव्या मिनिटाला,
बंद दाराआड,
आणि दाराशी बसलेला कुत्रा नुसता कान हलवतो.
तूलिक्की वान्हातालोनं मात्र पाचही तारे उधळले,
राईच्या आंबवणाची उपमा दिली.
ती नेहमीच आंबवणाची उपमा देते.

मी केमीच्या पेपरात.
एका अंगाला बर्फ फोडणारी जहाजं, दुसऱ्या अंगाला बंद पडलेली कागदगिरणी,
मधे मी: हॉकीचे निकाल, मृत्यूच्या नोंदी, शुक्रवारी सिनेमा.
तीनशे शब्द, रात्री अकराच्या आत.

थिएटरात सतरा माणसं.
हीटर अर्धाच चालू, कोट कुणी काढले नव्हते.
पडद्यावर कस्टमचा अधिकारी कॉफी लावतो.
थेंब पडतो.

थेंब पडतो.

मी वहीत लिहिलं: चार मिनिटं कॉफी.
खाली लिहिलं: का?
मग ते खोडलं आणि, कबूल करते, डुलकी लागली.
जाग आली तेव्हा तो त्याच टेबलाशी,
खिडकीतला उजेड तेवढा सरकलेला
आणि समोरची मेव्हण्याची खुर्ची रिकामी.
तेवढ्यात माझं काय निसटलं?
उरलेला वेळ मी तेच शोधत बसले,
ताठ, चोरासारखी.
कदाचित सिनेमाला हेच हवं होतं.
कदाचित मला नुसतीच झोप आली होती.

बाहेर उणे तेवीस.
ओस्मो केइनॅनेन मफलर गुंडाळत उभा.
तीस वर्षं इथल्या पोलिसात;
गोदामातल्या आगीचं प्रकरण अकरा वर्षं त्याच्याकडे होतं,
आता कुणाकडेच नाही.
कसा वाटला, मी विचारलं.
त्यानं एक हातमोजा घातला. मग दुसरा.
आमच्याकडे याला उत्तर सुरू झालं म्हणतात.
'घाई केली,' तो म्हणाला.

मला चेष्टा वाटली.

'मेव्हणा गेल्यावर तो कप धुतो ना,
त्याच रात्री धुतो.
तसं होत नाही.
कप राहतो. खिडकीत.
तळाला तपकिरी कडं धरून.
एक तर मार्चपर्यंत होता.'
कुणाकडे, ते मी विचारलं नाही.
तो गाडीची काच खरवडायला लागला,
त्या आवाजात पुढचं काही बोलला असेल तर
ते मला ऐकू आलं नाही.

ऑफिसात दोनशे शब्द सहज झाले,
छायाचित्रण, आवाज, कुत्र्याचं काम.
'संथ' लिहिलं, त्याचं 'संयत' केलं,
परत 'संथ' केलं.
डेस्कवरून यार्नो ओरडला, तारे किती?
शेवटी एक वाक्य घातलं:
'एका प्रेक्षकाच्या मते चित्रपट एके ठिकाणी फार वेगवान आहे.'
यार्नोनं ते कापलं.
जागा नव्हती,
शेजारी स्नोमोबाइलची जाहिरात होती.

तीन तारे गेले.