तेल

माझं काम: रात्री दहा ते सकाळी सहा
डोळ्यांत तेल घालून
एका काचेच्या दाराकडे बघत बसणं.
सहा पडदे, त्यांत सहा रिकामे कोपरे,
आणि वहीत तासाला एक ओळ.
०१:०० काही नाही.
०२:०० काही नाही.

बर्मिंगहॅममधला हा एके काळी बटणांचा कारखाना.
आता फ्लॅट आहेत.
विटा त्याच, घासून पुन्हा लाल केलेल्या.
दारावर नावही तेच, पितळी अक्षरांत,
जुन्या नावाला म्हणे चांगला भाव येतो.

चौथ्या पडद्यावर, मागच्या गल्लीत,
गरम हवेच्या जाळीपाशी एक पोरगा झोपतो.
त्याला उठवायचं, असं माझ्या करारात आहे.
मी कॅमेरा जरासा वर वळवलाय.
तिथं आता आभाळ दिसतं, बहुतेक वेळा काहीच नाही.

पावणेपाचला नॉरीन टाँक्स येते, पहिल्या बसने.
अंगावर दोन कोट: एक तिचा, एक गेलेल्या नवऱ्याचा.
"टेस्फे, तुमच्या इथं जिनासुद्धा गरम," म्हणते,
आणि बादली भरण्याआधी पाच मिनिटं
रेडिएटरला पाठ लावून उभी राहते
वाळत घातल्यासारखी.

तिच्या घरी मीटरमध्ये चावी घालून वीज विकत घ्यायची.
पैसे संपले की मीटर पाच पौंड उसने देतं,
आणि पुढच्या वेळी आधी ते कापून घेतं,
मगच दिवा लावतं.
"सावकाराला निदान तोंड असतं
शिव्या घालायला."
पालिकेनं तर हातच वर केलेत.
रस्त्यावरचे दिवे एक सोडून एक,
कचऱ्याच्या पिशव्या कोल्ह्यांनी फाडलेल्या,
लायब्ररीच्या दारावर नोटीस,
नोटिशीच्या कोपऱ्यात कुणीतरी काढलेलं मांजर.
मांजर चांगलं काढलंय, हेही ती सांगते.

दिवाणखान्यासारख्या आमच्या त्या प्रवेशदालनात
मखमली दोरीच्या आत, स्वतंत्र दिव्याखाली,
हाताने चालवायचा एक लोखंडी दाबयंत्र उभा आहे.
पाटीवर लिहिलंय: चालवणारीचं नाव उपलब्ध नाही.
नॉरीन रोज त्याची धूळ पुसते.
कितीतरी महिन्यांनी एकदा म्हणाली, "हा माझा."
मला वाटलं, फडक्याबद्दल बोलतेय.

मग तिनं दाखवलं.
तिसरा बोल्ट वेगळा, सायकलचा,
आयव्ही कॅशमोरच्या भावानं बसवलेला.
आणि डावा हात पुढे केला:
"त्याच्याकडे माझं पेरभर बोट आहे."

मी म्हणालो, मॅनेजरला सांगू या, पाटीवर नाव घालतील.
ती हसली, पार खोकला येईपर्यंत.
"आणि मग माझं नाव
मीच रोज सकाळी पुसू?"

तेल तिनंच मागितलं.
मी बायकोच्या शिलाई मशीनची कुपी आणली.
गुरुवारी ती दोरी ओलांडून आत गेली,
चार थेंब सोडले, थांबली,
लेकराच्या तापासारखा त्याला हात लावून बघितला,
आणि दांडा फिरवला.

ठक्.

साचा अजून आत होता.
खाली तिनं फ्लॅटविक्रीचं चकचकीत पत्रक धरलेलं.
गच्चीवरच्या बागेत आता एक गोल भोक,
आणि तिच्या तळव्यावर हिरवळीचा एक तुकडा, बटणाएवढा.
नवऱ्याच्या कोटाचं दुसरं बटण कधीचं तुटलंय.
तिथं तिनं तो लावून पाहिला.
"माप बरोबर आहे," म्हणाली,
आणि बादली उचलली.

तिसऱ्या मजल्यावर दिवा लागला. फोन वाजला.
कसला आवाज होता तो?
पाइप, सर. हीटिंगचे पाइप. थंडीत वाजतात.

वहीत लिहिलं:
०५:०० काही नाही.