पाव मिलिमीटरचा आटा

क्लाइड नदीच्या काठी, आमच्या गावात
शिवणयंत्रांचा कारखाना होता तेव्हा
मी दिवसाला तीन हजार स्क्रू काढायचे.
तीन हजार. पर्डी फोरमन ते मोजायचा नाही, तोलायचा,
पारड्यात ओतून, मटार ओतावेत तसे.
सतरा वर्षांची होते.
केसांत मशीनच्या तेलाचा वास घेऊन
शनिवारी नाचायला जायचे,
आणि मुलं वासावरून ओळखायची
कुणी कुठल्या खात्यातली.

आज मला एक हवाय.
एकच. एक मिलिमीटर जाड, तीन लांब,
डोकं सपाट, खाच सरळ.
तळहाताएवढं शिवणयंत्र करते आहे
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तीन हिवाळे झाले.
चाक फिरतं, दांडा खालीवर होतो,
फक्त सुई धरून ठेवायला कोणी नाही.

चष्म्याच्या दुकानातली फरीदा भली पोर,
तिनं तुटक्या फ्रेमींचे स्क्रू पुडीत बांधून दिले.
सगळे जाड. किती जाड?
केसाच्या दोन-तीन पदरांनी.
म्हणजे माझ्या भोकापुढे हत्तीच.

पेझ्लीचा टॉर्क्विल बेर्ड, घड्याळजी,
त्यानं बिस्किटांचा डबा कागदावर उपडा केला
आणि चिमट्यानं एकेक उलटत बसला, दुकान बंद करून.
म्हणाला, उना, त्या काळी ज्याचं त्याचं गोत्र वेगळं,
आणि इथं तर सगोत्रच लागतं,
नाहीतर दुसऱ्या फेऱ्याला अडतं.
चहा झाला, दुसरा झाला. काही जुळलं नाही.

जपानचं दुकान शंभराखाली देत नाही.
उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय करू,
अंड्यावर भुरभुरू?

तेव्हा आटे आपणच पाडायचे.
आटापिटा म्हणतात तो हाच असावा.

पितळेची काडी, भावाचा छोटा लेथ,
दातांच्या डॉक्टरनं टाकून दिलेलं भिंग,
आणि डाय, जिच्या पोटात पाव मिलिमीटरचे दात.
तेलाचा थेंब सुईच्या टोकावरून.
पाव फेरा पुढं.
पाव मागं, कीस तुटू दे.
पुन्हा पुढं.
डोळ्यांचा इथं फारसा उपयोग नाही,
बोटं ऐकतात. कुरकुर बदलली की थांबायचं.
पहिल्यांदा नाही थांबले. तुटला.
दुसरा तिरका उतरला, खोट बोलणाऱ्या माणसासारखा,
दिसायला ठीक, बसेना.
तिसरा छान होता.
तिसऱ्याला मला शिंक आली.

लोहचुंबक घेऊन अर्धा तास गुडघ्यांवर फिरले,
मग आठवलं, पितळ.
मग दिवे घालवून टॉर्च फरशीला टेकवून धरला.
असं केलं की बारीकशा वस्तूचीही
लांबच लांब सावली पडते.
ब्रेडच्या चुऱ्याचे डोंगर दिसले.
मांजरीची एक मिशी.
शेगडीखाली एक पांढरं बटण, शर्टाचं,
ते कोणाचं मला माहीत आहे.
ते खिशात ठेवलं.
स्क्रू नाही सापडला.

चौथ्याचं सांगत नाही.
पाचवा आज दुपारी, साडेतीनला,
बाहेर अंधारायला लागलं होतं.
भोकावर टेकवला, आधी उलटा फिरवला,
आटा आट्यात पडल्याची
बारीक टक् झाली,
पन्नास वर्षांत ऐकली नव्हती ती.
मग सुलटा. एक, दोन, तीन, चार फेरे,
आणि पुढं जाणार नाही म्हणाला.
सुई हलवून पाहिली. हलत नाही.

फरीदा विचारते, हे शिवणार काय?
बाहुलीच्या रुमालाची कड, फार तर.
किंवा एक बटण लावीन.
लावता येत नाही खरं तर, हे यंत्र बटणं लावत नाही.

पर्डी असता तर पारडं पुढं सरकवून म्हणाला असता,
उना, आख्ख्या दिवसात किती?
एक, पर्डी.
आणि तुझा काटा त्याला हलायचा नाही.